जिना, मोटर, पावती : भाडेकरू समितीच्या कामाच्या नोंदी

१८ जून २०२४

ही वही आजपासून. इमारत गिरगावातली, तळमजला अधिक तीन, १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या 'अ' वर्गातली. चोवीस भाडेकरू, सगळे पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्याने राहणारे.

एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्याच्या छपरासाठी आम्ही सह्या करून मालकांना दुरुस्तीची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाच्या अंगावर आहे. पोचपावती २४ एप्रिलची. मे महिन्यात मालकांसाठी भाडं वसूल करणारे मेहताजी आले ते पावतीपुस्तकाऐवजी पुनर्विकासाच्या संमतिपत्रांचा गठ्ठा घेऊन. बिल्डर ठरलाय, सह्या करून टाका, छपराचं आता काय घेऊन बसलात, असा एकंदर सूर. आम्ही सांगितलं, "मेहताजी, कराराचा मसुदा आणा. वाचतो, मग बोलू."

३ जूनला जिन्यातले दिवे गेले. ७ जूनला वरच्या टाकीवर पाणी चढवणारी मोटर 'दुरुस्तीला' म्हणून काढून नेली. १० जूनपासून संडास आणि हाऊसगल्ली (इमारतींमधला सांडपाण्याचा अरुंद बोळ) साफ करणारा माणूस यायचा थांबला. जूनचं भाडं मागायला कोणी फिरकलं नाही.

सुटी सुटी पाहिली तर ही जुन्या इमारतीतली रोजची रड वाटते आणि वाटावं असाच बेत आहे. नोटीस, नकार आणि त्यानंतरच्या या चार गोष्टी तारखेसकट एकाखाली एक लिहिल्या की चित्र बदलतं. ते चित्र कुणाला नाकारता येणार नाही इतकं पक्कं करायचं, एवढंच या कामाचं उद्दिष्ट आत्ता धरलंय.

२३ जून

रविवारी गॅलरीत बैठक. बरेचसे आले. पहिला अर्धा तास मालकावर तोंडसुख घेण्यात गेला, ते साहजिकच होतं. मग दोन मतं पडली. तरुण मंडळी म्हणाली, वर्गणी काढून मोटर आणू, दिव्यांचं बिल भरू, विषय संपवा. पहिल्या मजल्यावरचे काका गिरणीत युनियनचं काम केलेले. ते म्हणाले, "आज दिवे आपण लावले की उद्या तो म्हणेल, हे भाडेकरूच बघत होते, माझा काय संबंध?"

माझं मत काकांच्या बाजूने, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना अंधारात तो लाकडी जिना उतरायला लावणंही मला मान्य नव्हतं. पाऊस सुरू झाला की त्या पायऱ्या निसरड्या होतात. ठरलं ते असं: आधी बंद दिव्यांचे फोटो, मग प्रत्येक मजल्यावर चार्जिंगचे दिवे, आणि त्याच दिवशी मालकांना पत्र की ही तात्पुरती सोय आहे, तुमची जबाबदारी आम्ही स्वतःवर घेतलेली नाही.

दुरुस्ती करून भाड्यातून वळती करावी, अशीही सूचना आली. कलम १४ ते करू देतं. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत केलं नाही तर भाडेकरूंनी करावं आणि खर्च भाड्यातून कापावा. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त कापता येत नाही. आमचं भाडं सरासरी तीनशे दहा रुपये. म्हणजे वर्षाला तीन हजार सातशे वीस, त्याचा चौथा हिस्सा नऊशे तीस. चोवीस घरांचे मिळून साधारण बावीस हजार. नुसत्या मोटरीचं कोटेशन फिटिंगसकट सव्वीस हजार आलंय. छपराचं तर बोलायलाच नको.

१ जुलै

भाड्याची मनीऑर्डर. मेहताजी येत नाहीत, घरी नेऊन दिलं तर घेत नाहीत, आणि पुढे हेच भाडं थकवल्याचा दावा लावतील, ही वाट जुनी आहे. कायद्याने घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस दिल्यावर नव्वद दिवस उलटल्याशिवाय त्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. तरीही आपली बाजू 'भाडं द्यायला तयार होतो आणि आहोत' अशी कागदावर दिसली पाहिजे. प्रत्येकाने आपापल्या नावाने पाठवायचं. एकाने सगळ्यांचं भरलं तर कुणी कशाचं भरलं याचा घोळ होईल.

परत आलेल्या मनीऑर्डरीवरचा 'घेण्यास नकार' हा शेरा जपून ठेवायचा. पैसे परत आले म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही.

६ जुलै

नोंदवहीचे रकाने ठरवण्यात संध्याकाळ गेली. तारीख, वेळ, कोणती सेवा, काय आढळलं, कोणी पाहिलं, सही. 'मालकाने त्रास दिला' असं वाक्य वहीत येऊ द्यायचं नाही. 'पहाटे ५.१०, तळमजल्याच्या टाकीत पाणी, वरची टाकी कोरडी, पाहणारे खोली ९ व १७' असं लिहायचं. राग खरा आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून काही तपासता येत नाही.

प्रत्येक मजल्याची जबाबदारी एका घराकडे. तिसऱ्या मजल्याची वही आजींनी मागून घेतली. "मला झोप कुठे लागते पहाटे? मी बघते टाकीचं," म्हणाल्या.

११ जुलै

मोटरीची जागा नीट पाहिली. सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्ट उभे आहेत. आटे गंजलेले नाहीत, वरच्या नटाच्या जागी तेलाचा ओलावा अजून बोटाला लागतो. पाइपाचं तोंड कापलेलं नाही, सांधा सोडवून त्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलीय. म्हणजे मोटर जळली, फुटली असं काही नाही. पान्याने सावकाश सोडवून नेली आहे. फोटो चारही बाजूंनी काढले, एक फूटपट्टी ठेवून.

२१ जुलै

दिव्यांचा उलगडा झाला. जिन्याचा कॉमन मीटर मालकांच्या वडिलांच्या नावावर आहे. त्याचं बिल मार्चपासून भरलेलं नाही. वीज कंपनीने थकबाकीपोटी पुरवठा तोडला. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. ती मीटर ज्याच्या नावावर त्याच्या पत्त्यावर गेली, आम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता. थकबाकी दोन हजारांच्या आतबाहेर.

मेहताजींचं म्हणणं आता असं की दिवे मालकांनी कुठे तोडले, कंपनीने तोडले. खालच्या मजल्यावरच्या काहींना हे पटलंही. म्हणून भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम २९ आज मोठ्याने वाचून दाखवलं. योग्य किंवा पुरेशा कारणाशिवाय मालकाने, किंवा त्याच्या वतीने कुणीही, भाडेकरूला मिळत असलेली अत्यावश्यक सेवा तोडायची नाही की अडवून धरायची नाही. अत्यावश्यक सेवा कोणत्या, तेही दिलंय: पाणी, वीज, येण्याजाण्याच्या वाटेवरचे आणि जिन्यातले दिवे, लिफ्ट, मैला आणि कचऱ्याची सफाई. आणि पुढे स्पष्ट केलंय की मालकाच्या कृतीमुळे किंवा न केलेल्या कामामुळे पालिकेने वा दुसऱ्या अधिकाऱ्याने पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच अडवल्यासारखा धरायचा. बिल न भरणं हे 'न केलेलं काम'च आहे.

कायदा करणाऱ्यांना ही चाल ठाऊक होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही सेवा तोडण्याला मनाई होती. म्हणजे मुंबईतले भाडेकरू हे तीन पिढ्या सोसत आले आहेत.

४ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार, कारण सगळ्या कामाचा कणा आज हाताला लागला.

कलम २९ खाली सेवा परत सुरू करून मागणारा अर्ज आल्यावर कोर्ट चौकशीत दोन गोष्टी पाहतं. भाडेकरू ही सेवा आधीपासून उपभोगत होता का, आणि ती पुरेशा कारणाशिवाय तोडली का. आम्ही आत्तापर्यंत सगळी ताकद दिवे नाहीत, पाणी नाही, हे दाखवण्यात घालवत होतो. दिवे होते, मोटर होती, आणि ती मालक चालवत होता, हे दाखवणारा कागद एकही नव्हता. चाळीस वर्षं रोज ज्या उजेडात चढलो त्याचा पुरावा ठेवावा असं कुणाच्या मनात येणार?

मग घराघरातून अल्बम निघाले. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या लग्नातला २०११ चा फोटो: पाठवणीच्या वेळी त्या जिना उतरताहेत, मागे भिंतीवर लाकडी पट्टीत बसवलेली ट्यूबलाइट पेटलेली आणि तिच्याखाली आमच्याच जिन्याचा तुटका कठडा. कठड्यामुळे जागेबद्दल वाद उरत नाही. एका मुंजीच्या फोटोत वरच्या टाकीतून आलेला नळ वाहताना दिसतो.

पण खरं सापडलं ते आजींकडे. त्यांनी सासऱ्यांच्या वेळेपासूनच्या भाडेपावत्या पत्र्याच्या डब्यात, वर्षावर्षाची दोऱ्याने बांधलेली पुडकी करून ठेवल्या आहेत. डबा उघडला तेव्हा डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. पावत्या फिकट हिरव्या, घडीवर चिरलेल्या. मी एकेक उलटत होते. १९८८ च्या पुडक्यात भाड्याच्या ओळीखाली निळ्या शाईत वेगळी ओळ निघाली: 'पंप व जिना दिवे, रु. ६'. खाली मालकांच्या वडिलांची सही. पुढची पुडकी सोडली. प्रत्येक पावतीवर तीच ओळ. १९९५ नंतर रक्कम दहा झाली, २००६ नंतर बारा. गेल्या वर्षाच्या पावतीवरही बारा आहेत, फक्त आता ती ओळ छापील आहे आणि आमच्यापैकी कुणी ती कधी वाचली नव्हती.

"आजी, या पावत्या तुम्ही टाकल्या कशा नाहीत?"

"अगं, सासरे सांगून गेले होते. खोली जाईल तेव्हा कागदच बोलतील म्हणाले. मी आपलं जपलं."

म्हणजे मालक दिव्यांचे आणि पंपाचे वेगळे पैसे घेत होते. छत्तीस वर्षांच्या पावत्या सलग आहेत.

१० ऑगस्ट

वकील ठरल्या. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यांना उत्पन्नाची अट नाही. चौदा खोल्या बायकांच्या नावावर आहेत, त्यामुळे तोही रस्ता खुला होता. पण काकांच्या ओळखीच्या वकीलबाई कमी फीमध्ये तयार झाल्या, आणि त्या भाड्याच्याच केसेस चालवतात.

त्यांनी फोटोंबद्दल एक महत्त्वाचं सांगितलं. १ जुलैपासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. मोबाइलमधला फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ज्या फोनने काढला त्याच्या तपशिलासह. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत चालवायला गेलं तर मूळ कुठाय हा प्रश्न येतो. सगळ्यांना निरोप: फोन बदलू नका, मूळ फोटो पुसू नका.

मालक उद्या म्हणतील, तीनशे रुपयांत इमारत कशी चालवू? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने ठरलेली भाड्याची मर्यादा, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं, आणि त्याचा भार जुन्या इमारतींच्या मालकांवर दशकानुदशकं पडला. आजच्या कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ आहे, सुधारणा केली तर त्यापोटी वाढ मागायची वाटही आहे. ते मागावं, आम्ही बसून बोलू. बहात्तर वर्षांच्या बाईला पाण्याची बादली घेऊन तीन मजले चढायला लावणं हा त्यावरचा उपाय असू शकत नाही.

२५ ऑगस्ट

आठवडाभर अफवा: इमारत 'सी-१' ठरणार, म्हणजे अतिधोकादायक, म्हणजे रातोरात बाहेर. दोन घरांनी या भीतीपायी संमतिपत्रावर सही केली. त्यांना दोष देत नाही, लहान मुलं आहेत घरात.

बैठकीत जे खात्रीचं तेवढंच सांगितलं. संरचनात्मक तपासणीचे दोन परस्परविरोधी अहवाल आले तर पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती त्यावर मत देते, त्यामुळे मालकाने आणलेला एक अहवाल म्हणजे शेवट नव्हे. इमारत खरंच धोकादायक असेल तर बाहेर पडलंच पाहिजे, त्यात हट्ट नको. पण पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रतनशी खिमजी प्रकरणात सांगितलंय. हे ऐकल्यावर काही चेहरे सैल झाले. आपल्याकडचा स्वतंत्र अहवाल करून घ्यायचं ठरलं. वर्गणी वेगळी, हिशेब वेगळा.

९ सप्टेंबर

इमारतीच्या गणपतीत मेहताजी दर्शनाला आले. प्रसाद दिला, खुर्ची दिली. जाताना म्हणाले, "सह्या झाल्या असत्या तर मोटर केव्हाच आली असती." शेजारी तिघं उभे होते. वहीत वाक्य जसंच्या तसं, तारीख, वेळ, तिघांच्या सह्या.

२० सप्टेंबर

लोकमान्य टिळक मार्गावरच्या लघुवाद न्यायालयात अर्ज दाखल. एकाच इमारतीतल्या सगळ्या किंवा काही भाडेकरूंना मिळून एकच अर्ज करता येतो, ही सोय फार मोलाची. एकोणीस अर्जदार. सोबत एका पानावर घटनाक्रम, २४ एप्रिलच्या पोचपावतीपासून ९ सप्टेंबरच्या वाक्यापर्यंत. वकीलबाईंनी सांगितलं, बाकी गठ्ठा वाचला जाईल तेव्हा जाईल, हे पान पहिल्या दिवशी वाचलं जाईल. अंतरिम आदेशाची मागणीही केली आहे. चौकशी पुरी व्हायच्या आधी सेवा सुरू करायला लावायचा अधिकार कोर्टाला कलम २९ नेच दिलाय.

शिक्षेकडे पाहून कुणी मोठी आशा धरू नये. ठरलेल्या तारखेपर्यंत सेवा सुरू केली नाही तर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या जमिनीवर टॉवर उभा राहायचा आहे तिच्या मालकाला दिवसाचे शंभर रुपये काय जड? या रकमा बदलायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं. आमचा भर आदेशावर आहे. सही न करणाऱ्यांचं पाणी तोडता येत नाही, हे एकदा कोर्टाच्या कागदावर आलं की सह्यांची भीती निम्मी होते.

७ ऑक्टोबर

पाण्यासाठी कोर्टावर विसंबून राहायचं नाही असं ठरवलं. कलम २९ मध्येच पुढे तरतूद आहे की मालकाने सेवा अडवली असेल, किंवा भाडेकरूला स्वखर्चाने ती घ्यायची असेल, तर तो थेट पालिकेकडे अर्ज करू शकतो आणि मालकाच्या ना हरकत दाखल्याचा आग्रह न धरता परवानगी देता येते. विजेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये हेच म्हटलंय: मालकाचा दाखला नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, अर्जदार जागेत राहतो का एवढंच पाहायचं.

परवानाधारक प्लंबरकडून अर्ज तयार करून घेतला. खिडकीवर पहिला प्रश्न अपेक्षितच: मालकाचा दाखला कुठाय? कलमाची छापील प्रत पुढे केली, संबंधित वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारलेली. त्या बाईंनी दोनदा वाचलं, आत जाऊन आल्या, आणि अर्ज घेतला. आवक क्रमांक मिळाला. कलमाच्या दहा प्रती काढून ठेवल्यात, शेजारच्या दोन इमारतींनी मागितल्या.

१५ ऑक्टोबर

मालकांचं उत्तर दाखल. मोटर जुनी होती, भाडेकरूंनीच बिघडवली; दिवे ही आमची जबाबदारी कधीच नव्हती; सफाईवाला स्वतःहून सोडून गेला. दिव्यांच्या मुद्द्यावर वकीलबाईंनी १९८८ ची पावती आणि गेल्या वर्षीची पावती शेजारीशेजारी ठेवली. पुढची तारीख नोव्हेंबरची.

२६ नोव्हेंबर

अंतरिम आदेश झाला. जिन्यातले दिवे पंधरा दिवसांत सुरू करायचे. मोटर पूर्वीच्या जागी बसवून वरच्या टाकीचं पाणी सुरू करायचं. सफाईचा मुद्दा पुराव्यानंतर. त्या मुद्द्यावर आमची बाजू कच्ची आहे हे खरं, कारण त्या माणसाला पगार रोख मिळायचा आणि त्याचा कागद कुणाकडे नाही. त्याचा शोध चालू आहे. तो भेटला तर साक्षीला ये म्हणून गळ घालायची नाही, त्याला दुसरीकडे याच मालकांच्या ओळखीत काम असू शकतं. त्याचं नाव वहीत लिहिलेलं नाही, लिहायचं नाही.

८ डिसेंबर

दिवे शुक्रवारी सुरू झाले, चारही मजल्यांवर. सुरू झाल्याचीही नोंद केली, फोटोसह, पाहणाऱ्यांच्या सह्यांसह. मोटर आली आहे, पण जुनी नव्हे, कमी ताकदीची. तिसऱ्या मजल्यावर पाणी पहाटे करंगळीएवढी धार. आजींच्या वहीत तीन दिवसांच्या वेळा आहेत: एक बादली भरायला अकरा मिनिटं, बारा मिनिटं, अकरा मिनिटं. जुन्या मोटरीवर किती लागायची, हे २०१९ मध्ये ती बसवणाऱ्या प्लंबरकडून लेखी घ्यायचं आहे. बिलावर अश्वशक्ती लिहिलेली असणार. ते काम खोली १७ कडे. सह्या केलेल्या दोन घरांपैकी एकाने संमती मागे घेता येते का ते विचारलंय, वकीलबाईंना सोमवारी फोन करायचा.

डिसेंबरची मनीऑर्डर आणखी सहा जणांची राहिली आहे, मंगळवारपर्यंत करावी. पालिकेच्या पाणी अर्जाची पाहणी गुरुवारी सकाळी दहा ते बारा. तळमजल्याच्या टाकीची किल्ली काकांकडे, ते घरी नसतील तर माझ्याकडे.